विनोदास सूट देण्याबाबत

मुरुम इथं 'उमा व्हिजन' नावाची एक केबल वाहिनी आहे. तिच्यावर दर रविवारी दुपारी, लोक जेवून आडवे होण्याच्या बेतात असताना, 'पोट धरून' हा विनोदी कार्यक्रम लागतो. वाहिनीचे मालक, निवेदक, लेखक आणि विनोदवीर हे सगळे मिळून उमाशंकर नावाचे एकच गृहस्थ आहेत. आठवडाभर ते सोयाबीनचे भाव, निधनवार्ता आणि हरवलेल्या म्हशींची वर्णनं वाचून दाखवतात. रविवारी ते बायकोबद्दल बोलतात.

त्यांच्या म्हणण्याप्रमाणे ही बायको म्हणजे कुणी विशिष्ट बाई नसून एक कल्पना होती. ही कल्पना रिक्षात मागं बसली की रिक्षाचं पुढचं चाक उचललं जायचं. ती झोपली की शेजारी आपली विहिरीवरची मोटर चालू राहिली असं समजून रानात चक्कर मारून यायचे. तिनं थापलेली भाकरी कुत्र्यानं पळवली आणि दुसऱ्या दिवशी परत आणून दिली. ती माहेरची जळकोटची होती आणि प्रत्येक वाक्याचं शेवटचं अक्षर लांबवून बोलायची.

उमाशंकरच्या खऱ्या बायकोचं नाव अयोध्या. ती अंगानं थोराड होती, माहेरची जळकोटची होती आणि बोलताना शेवटचं अक्षर लांबवायची. हा योगायोग मुरुमात सगळ्यांना माहीत होता. बाजारात ती मेथीची जुडी निवडू लागली की मागून कुणीतरी तोंडानं मोटर चालू करायचं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एका घरी तिच्यासाठी प्लॅस्टिकच्या दोन खुर्च्या एकात एक घालून ठेवल्या होत्या. त्यात कुणाचा वाईट हेतू नव्हता. कार्यक्रमात तसं सांगितलं होतं. अयोध्या उभ्या उभ्याच वाण घेऊन घरी आली.

"अवो, बास करा की आता," ती नवऱ्याला म्हणाली. "मला बाहीर पडायची सोय ठिवली न्हाय तुमी."

"मी तुझं नाव घेतो का कधी?"

"बायको म्हणता की."

"मग? गावात बायका कमी हायत का? कुणाची पण असंल ती." उमाशंकर समजुतीच्या सुरात म्हणाला, "हे बघ, विनोद हा विनोद म्हणून घ्यायला शिकावं माणसानं. मोठ्या वाहिन्यांवर बघ जरा. गडी माणसं लुगडी नेसून एकमेकाला आपटत्यात. कुणी रडतंय का?"

त्यांची मुलगी सृष्टी उमरग्याला कॉलेजात शिकत होती आणि रविवारी कॅमेरा तीच धरायची. ती म्हणाली, "पप्पा, याला बॉडी शेमिंग म्हणतात."

"म्हणत असतील. आपण त्याला कार्यक्रम म्हणतो."

सृष्टीनं आईच्या नावानं तक्रार लिहिली. सुदैवानं तालुक्यात नुकतीच एक औचित्य समिती नेमण्यात आली होती. स्थानिक वाहिन्यांवर कोणाच्याही भावना दुखावू नयेत, आणि दुखावल्याच तर त्या कार्यालयीन वेळेत दुखावाव्यात, हे पाहणं तिचं काम होतं. समितीचे सचिव कृष्णराज साहेब होते. व्यापारी प्रतिनिधी म्हणून मुरुमचे आडते बलभीमराव होते. 'पोट धरून'चे प्रायोजकही तेच असल्यामुळं प्रकरणाच्या दोन्ही बाजू त्यांना आधीपासून माहीत होत्या.

सुनावणीला अयोध्या इस्त्रीचं पातळ नेसून गेली. पुरावा म्हणून कार्यक्रमाचा एक भाग लावण्यात आला. कुत्रं भाकरी परत आणतं तिथं कृष्णराज साहेबांनी टेबलावर डोकं टेकलं. बलभीमरावांना ठसका लागला. बाहेरून दोन कारकून पाण्याचे ग्लास घेऊन आले आणि तिथंच थांबले. पुरावा नीट ऐकू न आल्यामुळं तो पुन्हा पाहावा असं सर्वानुमते ठरलं.

"बाई," डोळे पुसत साहेबांनी विचारलं, "तुम्हाला यात नेमकं वाईट कशाचं वाटलं?"

"आत्ता तुमी हसलाव त्याचं," अयोध्या म्हणाली.

अर्जदारास विशिष्ट आक्षेप सांगता आला नाही, अशी नोंद झाली.

आठवड्याभरानं निर्णय आला. विनोद हा मुळातच अनुचित असल्यामुळं त्याला औचित्याचे निकष लावणं अनुचित ठरेल. सबब दूरचित्रवाणीवरील विनोदास औचित्यातून सूट देण्यात येत आहे. ही सूट फक्त दूरचित्रवाणीपुरती आहे. विनोद झाला की नाही हे उपस्थितांपैकी बहुसंख्य हसले की नाही यावरून ठरवावं. ज्याच्यावर विनोद झाला त्याचं हसणं वा न हसणं मोजणीत धरू नये. अर्जदार बाईंनी शक्य झाल्यास विनोदबुद्धी वाढवावी.

उमाशंकर कायदा पाळणारा माणूस होता. सूट फक्त दूरचित्रवाणीला आहे, म्हणजे तेच शब्द घरात बोलले तर गुन्हा, हे सृष्टीनं त्याला वाचून दाखवल्यावर त्यानं घरात बायकोला बोलणं तात्काळ बंद केलं. आमटी खारट झाली तर तो आधी उठे, स्टँडवर मोबाइल लावी, वाहिनीला जोडी, घसा साफ करी आणि मग बोले. बहुसंख्यांनी हसणं आवश्यक असल्यामुळं शेजारच्या दोघांना रोज जेवायला बोलावण्यात येऊ लागलं. स्वयंपाक अयोध्याच करी.

असं महिनाभर चाललं. मग एका दुपारी भांडी घासता घासता अयोध्यानं लेकीला विचारलं, "त्या कागदात कुठं लिवलंय का गं, का बोलणारा गडीच पाह्यजे म्हणून?"

सृष्टीनं निर्णय पुन्हा वाचला. तसं कुठंही लिहिलेलं नव्हतं.

अयोध्याला कार्यक्रमात बोलायचंय हे ऐकून उमाशंकरला आनंदच झाला. लोकांना इतके दिवस नुसत्या वर्णनावर भागवावं लागत होतं. आता वस्तू प्रत्यक्ष पाहायला मिळणार होती. त्यानं तीन दिवस आधीपासून जाहिरात केली आणि रविवारी तिच्यासाठी मुद्दाम लोखंडी खुर्ची मांडली.

अयोध्या खुर्चीत बसली. तिनं पदर नीट केला. कॅमेऱ्यामागून सृष्टीनं मान हलवली, तेव्हा ती बोलायला लागली.

"नमस्कार. ती बायको म्हंजे मीच. माझं पोट सुटलंय, ते समद्या गावाला दिसतंय. यांचं बी सुटलंय. पर यांचं पट्ट्यात हाय."

उमाशंकरनं हसू चेहऱ्यावर तसंच ठेवलं.

"सोलापूरहून आणलाय पट्टा. सदऱ्याच्या आतून बांधत्यात. सकाळी मी मागून गुडघा लावून वढते, तवा कुटं हुक बसतोय. मागं माझ्या माहेरी पंगतीला बसले, आन् दुसऱ्या पोळीला हुक तुटला. उडाला तो माझ्या भावाच्या ताटात. भावाला वाटलं खोबऱ्याचा तुकडा हाय."

मुरुम त्या दुपारी झोपलं नाही. गल्लोगल्ली दारं उघडी होती आणि सगळ्या दारांतून एकच हसणं बाहेर येत होतं. संध्याकाळी उमाशंकर चौकात गेला तेव्हा पानटपरीवाल्यानं त्याला सुपारीऐवजी खोबऱ्याचा तुकडा दिला.

"घरातल्या गोष्टी गावात बोलायच्या असत्यात का?" घरी येऊन तो म्हणाला.

"विनोद हाय की," अयोध्या म्हणाली.

त्या रात्री उमाशंकर जेवला नाही. तिला त्याचं वाईट वाटलं. पण बाजारात मोटरीचा आवाज थांबला होता. भाजीवाली तिला 'या ताई' म्हणाली, वर मूठभर कोथिंबीर टाकली. असं तिच्या लग्नानंतर मुरुमात प्रथमच घडत होतं, आणि ते सोडवेना.

पुढच्या रविवारी ती न विचारताच खुर्चीत बसली. "लोक मला म्हणत्यात, वजन कमी कर," ती म्हणाली. "दवाखाना केला, चालणं केलं, काय फरक न्हाय. मग मी बलभीमरावांच्या आडतीत गेले आन् त्येंच्या काट्यावर हुबी राह्यले. एका मिनिटात बारीक झाले!" आसपासच्या वाड्या-वस्त्यांवरचे शेतकरी यावर इतके हसले, की काही जणांना मध्येच थांबून राग आला.

त्याच कार्यक्रमात तिनं शाळेच्या शिपायाची नक्कल केली. तो तोतरा बोलायचा. ते तिच्या मनात नव्हतं, तोंडातून निघून गेलं. पण लोक हसल्याचं कळल्यावर पुढच्या खेपेला तिनं ती नक्कल पुन्हा केली. शिपायाची तक्रार आली नाही. तक्रारदारानं समितीसमोर आपलं म्हणणं तोंडी मांडावं असा नियम होता.

तिसऱ्या रविवारी तिनं औचित्य समितीचं कार्यालयच विनोदाला घेतलं. "साहेबांच्या रिकाम्या खुर्चीवर दिवसभर पंखा फिरत असतोय. मी तिथल्या शिपायाला इचारलं, का रं, साहेब न्हाईत तर पंखा कशाला? तर म्हणला, खुर्चीला सवय हाय. मग साहेब आले. खुर्चीत बसले. मी समदं रडगाणं सांगितलं. खरं सांगते, साहेब नव्हते तवाच खुर्चीला जास्त समजत होतं."

सोमवारी सकाळी साडेदहाला कृष्णराज साहेब खुर्चीत होते. समितीच्या इतिहासात प्रथमच तातडीची बैठक बोलावण्यात आली. विषय: विनोदाच्या मर्यादा.

"आमी काय विनोदाच्या विरोधात न्हाय," बलभीमराव म्हणाले. "विनोद पाह्यजेच. माणूस हसला पाह्यजे. पर त्यानं कुणाची अब्रू जाऊ नये. माझ्या काट्याला पण भावना हायत."

उमाशंकरला विशेष निमंत्रित म्हणून बोलावलं होतं. तो उभा राहिला. "साहेब, संवेदनशीलता नावाची काही चीज असती का न्हाय? माणसाच्या शरीरावरून बोलणं, हे कुठल्या सभ्यतेत बसतं?"

"पप्पा," दारात आईसोबत उभी असलेली सृष्टी म्हणाली, "हे तर मीच बोलले होते."

"मग बरोबरच बोलली होतीस," उमाशंकर म्हणाला. त्याचे डोळे खरोखर भरून आले होते.

सूट रद्द करावी यावर एकमत झालं. परंतु ज्येष्ठ कारकुनानं एक अडचण लक्षात आणून दिली. सूट रद्द केली, तर अयोध्याबाईंची मूळ तक्रार योग्य होती असं होईल. मग समितीनं पुरावा दोनदा पाहून हसल्याबद्दल दिलगिरी व्यक्त करावी लागेल. त्यावर चहा मागवण्यात आला. मग चहा आला आणि चहाबरोबर तोडगाही निघाला. सूट कायम ठेवायची, फक्त तिच्यात एक लहानशी दुरुस्ती करायची: ज्यांच्या भावना दुखावल्याचं समितीला कळण्याची शक्यता आहे, त्यांच्यावर विनोद करू नये.

ही बातमी 'उमा व्हिजन'वरूनच जाहीर झाली आणि दुसऱ्या दिवशी कार्यालयाबाहेर रांग लागली. मुरुमचे आडते, हमाल, शिक्षक, विद्यार्थी, घरजावई, सासवा, टक्कल पडलेले, टोप घालणारे, उसाचे बागायतदार, कोरडवाहूवाले, सीमेपलीकडून कानडी बोलत येणारे आणि इथलेच असून कानडी बोलणारे, अशा सगळ्यांनी आपापल्या भावना दुखावू शकतात हे समितीला आगाऊ कळवलं. एका गृहस्थांनी आपल्याला भावना नाहीत असा अर्ज केला. त्यांच्या पत्नीनं त्याला दुजोरा दिला. पण त्यांचे मोठे बंधू नगरसेवक निघाले, म्हणून तेही वगळले गेले.

त्या रविवारी उमाशंकर कॅमेऱ्यासमोर बसला आणि त्यानं सुरुवात केली, "एक माणूस होता." तो माणूस कुठल्या गावचा, काय करायचा, जाड की बारीक, लग्न झालेला की बिनलग्नाचा, यातलं काहीही सांगणं शक्य नव्हतं. "तो एकदा गेला," उमाशंकर म्हणाला. कुठं गेला हे सांगता येईना. "आणि परत आला." अर्ध्या तासात तो माणूस असा पाच-सहा वेळा जाऊन आला. लोकांनी टीव्ही बंद केले. बलभीमरावांनी जाहिरात थांबवली.

पुन्हा बैठक झाली. विनोदाला निदान एक तरी माणूस लागतो, हे समितीनं तत्त्वतः मान्य केलं. त्या माणसाकडे टीव्ही नसावा. त्याला वाचता येत नसावं. तो एका जागी राहत नसावा, म्हणजे त्याला विचारायचं राहिलं तरी ती समितीची चूक ठरणार नाही.

"बिरू," बलभीमराव म्हणाले.

बिरू मेंढपाळ होता. रब्बीची रानं मोकळी झाली की दरसाल तो मेंढरं घेऊन मुरुमच्या शिवारात उतरायचा, खतासाठी लोकांच्या रानात ती बसवायचा आणि पाऊस जवळ आला की निघून जायचा. त्याचं चालणं, त्याचं बोलणं, मेंढराशी माणसासारखं आणि माणसाशी मेंढरासारखं बोलण्याची त्याची तऱ्हा सगळ्यांनी पाहिलेली होती.

"पण त्यांच्या समाजाची संघटना आहे," कृष्णराज साहेब सावधपणे म्हणाले.

"समाजाचं नाव घ्यायचंच न्हाय, साहेब. नुसतं बिरू म्हणायचं."

मूळ तक्रार अयोध्याची असल्यामुळं या व्यवस्थेला तिची संमती घेणं आवश्यक होतं. तिला बोलावण्यात आलं. यावेळी तिला खुर्ची दिली, चहा दिला, 'ताई' म्हटलं.

"बिरू आमच्या रानात मेंढरं बसवतोय दरसाल," अयोध्या म्हणाली. "त्यानं काय केलंय कुणाचं?"

"काहीच नाही," साहेब म्हणाले. "म्हणून तर त्याच्याबद्दल कुणाच्या मनात आकस नाही. हा अगदी निर्मळ विनोद होईल."

"आन् मी?"

"तुमच्यावर यापुढं कुणीही एक शब्द बोलणार नाही. तसं लेखी देऊ. मात्र तुम्हीही बोलायचं नाही."

"आई, नको," सृष्टी हळूच म्हणाली.

अयोध्यानं चहा संपवला. तिला रिक्षा आठवली, मोटर आठवली, मागून येणारे आवाज आठवले. शाळेचा शिपाई आठवला. तो हल्ली समोरून आला की रस्ता ओलांडून पलीकडे जायचा. मग तिला त्या मूठभर कोथिंबिरीची आठवण झाली. तिनं सही केली.

सृष्टीनं कॅमेरा धरायला नकार दिला. वाहिनीनं तिच्या जागी स्टँड घेतला.

पुढच्या रविवारी दुपारी अयोध्या एकटी घरात बसून कार्यक्रम बघत होती. आपण हसायचं नाही असं तिनं ठरवलं होतं. उमाशंकर खांद्यावर घोंगडी टाकून आला, दोन पावलं चालला आणि पहिला विनोद सांगितला. तिला हसू आलं. आधी आलं, आणि आल्यावर तिला कळलं. पदर तोंडाशी नेईपर्यंत बाहेर सगळं मुरुम हसत होतं, आणि त्यात तिचंही हसू होतं.

दोन-चार दिवसांनी बिरू पाणी मागायला दारात आला. गल्लीतली पोरं त्याच्या मागून त्याच्यासारखी चालत होती. ओट्यावर बसलेल्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. बिरूनं तांब्याभर पाणी पिऊन तोंड पुसलं आणि विचारलं, "अक्का, गाव लई खुशीत दिसतंय औंदा. काय झालंय?"

अयोध्या उंबऱ्यातच थांबली. "टीव्हीवर कायतरी लागतंय," ती म्हणाली.

"चांगलं हाय की," बिरू म्हणाला आणि सगळे हसतायत म्हणून तोही हसला. "मान्सानं हसावं. मेंढराला येत न्हाय ते."

तिनं त्याला भाकरी आणि ठेचा दिला, रोजच्यापेक्षा जास्त दिला, आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

'पोट धरून' आता जोरात चालू आहे. जाहिराती परत आल्या आहेत. औचित्य समितीकडे एकही तक्रार प्रलंबित नाही. बिरूबद्दलचा तो पहिला विनोद मात्र इथं देता आलेला नाही, कारण सूट दूरचित्रवाणीला आहे, छापील मजकुराला नाही. तो काय होता हे जाणून घ्यायची ज्या वाचकांना मघापासून उत्सुकता लागली आहे, त्यांनी मुरुमला कुणालाही विचारावं. संकोच बाळगू नये. बिरूला वाचता येत नाही.